आधी नवा हात धरायचा

रंजिताबाई तांडेल पहिल्या तासाला काहीच शिकवत नाहीत. दुसऱ्या वर्षाचा नवा वर्ग भरलेला असतो, पंखे फिरत असतात, पाम बीच रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर खिडकीतून आत येत असते आणि बाई एक कागद वाचत असतात. कागदाच्या माथ्यावर विषयाचं नाव, डेटा स्ट्रक्चर्स. खाली नियम. इतर शिक्षक असा कागद ग्रुपवर टाकून मोकळे होतात. तो कोणी उघडत नाही, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक असतं. रंजिताबाई मात्र तो मोठ्याने वाचतात, सावकाश, एकेका ओळीवर थांबून.

नेरूळच्या त्या कॉलेजात सगळे त्यांना ‘नियमवाल्या मॅडम’ म्हणतात. शेजारच्या टेबलावरचे पोपट सर तर तोंडावर म्हणतात, “मॅडम, तुमचा तास ऐकून मला माझ्या सासरेबुवांची आठवण येते.”

“चांगले होते का?” बाई विचारतात.

“अहो, आहेत अजून. तीच तर पंचाईत आहे.”

बाई हसतात आणि कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवतात.

त्या कागदात तसं भयंकर काही नाही. प्रॅक्टिकलला वेळेवर या. दिलेला प्रोग्रॅम शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवा. पाठवलेल्या प्रोग्रॅममधली कोणतीही ओळ मी समोर बसवून विचारीन, ती तुम्हाला समजावून सांगता आली पाहिजे. दुसऱ्याचं काम घेतलं तर शून्य, आपलं दुसऱ्याला दिलं तरी शून्य. पाच कामांपैकी एकात शून्य मिळालं म्हणून कोणी बुडणार नाही, तशी सोय बाईंनी मुद्दाम ठेवली आहे. मग येतो उशिराचा दिवस.

“नेट गेलं, लॅपटॉप बसला, आजी आजारी पडली, ही कारणं मला माहीत आहेत,” बाई दर वर्षी सांगतात. “म्हणून सत्रात प्रत्येकाला एक दिवस उशिराचा. कधी वापरायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. मला कारण सांगू नका. खोटं ऐकायला मला आवडत नाही आणि तुम्हाला बोलायला लावायलाही आवडत नाही.”

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मागच्या बाकावरून दिपेश उठला होता. तुर्भ्याचा मुलगा, अर्धा दिवस तिथल्या एका कारखान्यात काम करून कॉलेजला येणारा. “मॅडम, आणि आजी खरंच आजारी असली तर?”

“तर आजीजवळ बस. कारण तरीही सांगू नको.”

वर्ग हसला. हसू विरल्यावर बाईंनी शेवटची ओळ वाचली. ती वाचताना त्यांचा आवाज नेहमी थोडा खाली येतो. ‘अडलात तर विचारा. विचारणाऱ्याला या वर्गात कोणी हसणार नाही.’

ही ओळ कुठून आली, हे बाई सांगत नाहीत. पण नेरूळला लागून, खाडीकाठी असलेल्या सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना चांगदेव तांडेलची रंजी आठवते. बाप खाडीत होडी घेऊन जायचा, आई मैना डोक्यावर पाटी घेऊन वाशीला मासळी विकायची. पोरगी वाशीतच एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकायला बसू लागली. सकाळी आईबरोबर मासळी निवडायची, हात लिंबाने घासायचे आणि क्लासला पळायचं. तिथे तिने एकदा काहीतरी विचारलं. काय विचारलं ते आता कोणालाच ठाऊक नाही. पण ती बोलायला लागली तसे शेजारचे दोघे नाक धरून हसले, एवढं तिने घरी येऊन आईला सांगितलं होतं. पुढे तिने तिथे कधी काही विचारलं नाही. सगळं एकटीने, पुस्तकांवर डोकं फोडून शिकली. शिकली, नोकरीला लागली, लग्न करून सेक्टरातल्या इमारतीत राहायला गेली. घरापासून गाव चालत जाण्याइतकं जवळ. तरी कॉलेजात त्या कुठल्या, हे फारसं कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी लपवलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं.

त्या वर्षी वर्गात सारसोळ्याची एक मुलगी आली. रुतिका. रंगूबाईची नात.

रंगूबाई म्हणजे गावातला जाळ्याचा हात. जेट्टीवर नायलॉनची जाळी पसरलेली असतात, त्यांत कुठेतरी खडकाने नाहीतर प्लास्टिकने खिंडार पाडलेलं असतं, आणि म्हातारी पाय पसरून, सुई घेऊन ते भरत असते. जाळं कोणाचं हे ती बघत नाही. गावाची रीतच ती. पसरलेलं फाटकं जाळं दिसलं की रिकाम्या हाताने बाजूने निघून जायचं नाही. बसायचं, चार गाठी मारायच्या, मग उठायचं. जाळ्याचा मालक मागाहून येतो आणि चहा पाजतो. न बोलावता आलेला हात तिथे उपकार मानला जात नाही, शेजार मानला जातो. रुतिका आजीच्या मांडीला टेकून हेच बघत मोठी झाली.

वर्गातही ती पुढे होती. लिंक्ड लिस्टचा तास झाला त्या दिवशी तर ती डोळे मोठे करून बसली होती. बाईंनी बाकं बाजूला सारून मुलांना एका ओळीत उभं केलं आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले.

“प्रत्येकाने फक्त आपल्या पुढच्याचा हात धरायचा,” बाई म्हणाल्या. “कोणालाच पूर्ण रांग दिसत नाही. ज्याला त्याला पुढचा एक माणूस माहीत, बस. कॉम्प्युटर अशीही माहिती साठवतो. चला, हळूहळू चालू लागा. आता दिपेश, तू नवा आलास. डोळे उघडे ठेव आणि या दोघींच्या मधे शिर.”

दिपेशने जाऊन मधला हात सोडवला. पुढची अर्धी रांग मिटल्या डोळ्यांनी तशीच चालत राहिली, एकजण फळ्यावर आपटला, दोघी दाराबाहेर गेल्या.

“गेली,” बाई म्हणाल्या. “अर्धी रांग गेली. इथे निदान ओरडून बोलावता येते. मशीनमध्ये हात सुटला की ती माणसं कुठे गेली हे कोणालाच सांगता येत नाही. आता पुन्हा. आधी नव्याने पुढच्याचा हात धरायचा. तो पक्का धरला, की मग मागच्याने जुना हात सोडायचा आणि नव्याचा धरायचा. आधी धरायचं, मग सोडायचं. हा क्रम चुकू नका.”

त्या आठवड्याचं काम तेच होतं, अशी रांग प्रोग्रॅममध्ये उभी करायची. शुक्रवारी कामं आली. शनिवारी बाई ती तपासायला बसल्या आणि चौथ्या-पाचव्या प्रोग्रॅमला त्यांचा हात थांबला. रांगेच्या सुरुवातीला एक रिकामी जागा ठेवली होती. तिच्यात काहीच साठवलेलं नव्हतं, ती नुसती पुढच्यांना धरून होती. अशी युक्ती असते, पण बाईंनी अजून शिकवली नव्हती. एकाला सुचली असती तर त्या खूश झाल्या असत्या. ती अर्ध्या वर्गाला सुचली होती.

दुसऱ्या कोणी नुसती नक्कल ओळखली असती. रंजिताबाईंनी हात ओळखला. खिंडार भरायला घेताना रंगूबाई आधी कडेला एक रिकामी गाठ मारून ठेवते. तिच्यात कुठलंच भोक विणलेलं नसतं, पण पुढचं सगळं तिच्या आधाराने ओढून धरता येतं. गावात दुसरं कोणी तशी मारत नाही.

सोमवारी बाईंनी वर्गात विचारलं, “ही रिकामी जागा कोणाची?”

रुतिका लगेच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट, काहीतरी चांगलं विचारलंय अशीच ती उभी होती.

“माझी, मॅडम.”

“आणि बाकीच्यांच्या प्रोग्रॅममधली?”

“तीपण माझी. दिपेशची रांग तुटत होती, त्याला जमत नव्हतं. मग बाकीच्यांची पण चालत नव्हती. मी बसून नीट करून दिली.”

“समजावून सांगितलंस, की लिहून दिलंस?”

“लिहून दिली.”

“नियम माहीत आहे ना?”

रुतिका गोंधळली. गोंधळली की तिच्या तोंडी घरची बोली येते. “मॅडम, पन आमच्याकडं जालं फाटलेलं दिसलं तर आमी असं उठून नाय जात. मी कशी जानार?”

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “ए, खिडकी उघड रे, मासळी बाजार भरला.” आणि वर्ग हसला. सगळा नाही, पण पुरेसा.

रंजिताबाईंनी ते ऐकलं. त्यांनी मान वर केली असती तर हसू तिथेच थांबलं असतं. पण त्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, की मी आता या पोरीची बाजू घेतली तर म्हणतील, गाववाली म्हणून सांभाळली. त्यांनी मान वर केली नाही. कोरड्या आवाजात म्हणाल्या, “घेणाऱ्यांना शून्य. देणाऱ्यालाही शून्य. बस खाली.”

रुतिका बसली. मंगळवारी ती आली नाही. त्या आठवड्यात आली नाही आणि पुढच्याही नाही.

हजेरीचा नियम विद्यापीठाचा. तो बाईंच्या हातात नव्हता. आणखी काही दिवस असेच गेले असते तर रुतिकाला परीक्षेला बसता आलं नसतं, वर्ष गेलं असतं. आणि गेलेलं वर्ष त्या घरात परत आलं नसतं. तिचा बाप सिताराम वाईट माणूस नाही, पण पोरगी कॉलेज सोडून घरी बसली तर तो तिला बाजारातल्या गाळ्यावर बसवणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

“ती शून्यवाली मुलगी दिसत नाही हो,” पोपट सर एकदा डबा खाताना म्हणाले.

“एका शून्याने काही होत नाही. कागदावर लिहिलंय तसं.”

“तिने कागद वाचला असेल, मॅडम. पण त्या दिवशी ती कागदामुळे रडत नव्हती. मी जिन्यात बघितलं ना.”

बाईंचा घास हातातच राहिला. त्यांना मिटल्या डोळ्यांची ती रांग दिसली. नियम बरोबर होता, शून्यही बरोबर होतं. पण आपण या पोरीचा कोणताही हात न धरता होता तो हात सोडून दिला होता. वर्गाला आठवडाभर जो क्रम घोकायला लावला, तो आपण स्वतःच चुकलो होतो. त्यांनी डबा झाकला.

रविवारी सकाळी त्या सारसोळ्याला गेल्या. रंगूबाई ओटीवर जाळं घेऊन बसली होती. तिने बाईंना येताना पाहिलं आणि मुद्दाम मान खाली घातली.

“रंगूमावशी.”

“आली का शाळामास्तरीन?” म्हातारी सुईकडे बघतच म्हणाली. “इकडं कशी वाट चुकलीस? अजून कुनाला शून्य द्यायचं राह्यलंय काय? मला देऊन टाक. मना कायपन येत नाय.”

“बसू का?”

“बस. ओटी काय तुझ्या कॉलेजची नाय, इथं कुनाला उठवत नाय.” बाई बसल्या तशी म्हातारीने सुई खाली ठेवली. “मला येक सांग गो रंजे. माजी नात चोर हाय काय?”

“नाही मावशी.”

“मंग? चार पोरांची फाटकी जाली शिवली तिनं. गावात तिला चा पाजला असता. तुझ्याकडं तिची लाज काढली. तू आमच्यातलीच ना गो? का सेक्टरात गेलीस तं गाव धुवून टाकलास?”

दाराच्या आत पडदा हलला. रुतिका आत उभी आहे, हे दोघींनाही कळलं. दोघींनीही तिकडे पाहिलं नाही.

रंजिताबाईंनी जाळ्याची एक सुटी कड हातात घेतली. मग म्हणाल्या, “मावशी, मी लहान असताना तुमच्याकडे जाळं शिकायला बसायचे. आठवतं?”

“आठवतं तं. दर गाठ उलटी मारायचीस.”

“आणि माझी आय बाजारातून आली की माझी गाठ सोडवून द्यायला वाकायची. तेव्हा तुम्ही काय करायचा?”

 रंगूबाईच्या सुरकुत्यांत हळूहळू हसू उतरत गेलं. तिला ते आवरायचं होतं, आवरलं नाही.

“तिच्या हातावर सुई हानायची मी. मैना मरनाची हट्टी. ऐकायचीच नाय. मंग म्हटलं, बसायचं तं हात पाठीमागं घेऊन बस. तोंडानं काय सांगायचं ते सांग.”

“का पण? फाटकं जाळं दिसलं तर बसायचं ना?”

“आगो, ते दर्यावर जानाऱ्या जाल्याचं. शिकनारीच्या जाल्याला हात नाय लावायचा. तू गाठ मारून दिलीस तं तिला कधी येनार? उद्या होडीत येकटी असली, मंग?” म्हातारी थांबली. आपण काय बोलून गेलो हे तिच्या ध्यानात आलं. तिने सुई उचलली आणि पडद्याकडे बघून खेकसली, “आयकलंस काय गो? तुला पन तसंच शिकवलं हाय. इसरलीस?”

आतून बारीक आवाज आला. “ते जालं होतं. हे कॉम्प्युटर हाय.”

“मला काय ठाऊक तुजा कॉम्प्युटर! पोरं शिकत होती का दर्यावर चालली होती?”

 मग पडदा बाजूला झाला आणि रुतिका दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते, पण मान वर होती.

“शिकत होती,” ती म्हणाली.

रंजिताबाई उठून तिच्यासमोर गेल्या. “रुतिका, शून्य मी बदलणार नाही. ते नियमाने दिलंय. पण त्या दिवशी वर्ग तुला हसला, आणि मी गप्प बसले. मला ऐकू आलं होतं. तू माझ्या गावची, म्हणून तुझी बाजू घेतली असं कोणी म्हणेल, याला मी भ्याले. विचारणाऱ्याला या वर्गात कोणी हसणार नाही, हे मीच वाचून दाखवते दर वर्षी. तो नियम मी मोडला.”

रुतिकाने हाताने डोळे पुसले. “म्हंजे तुमालापन शून्य?”

“मलापन शून्य.”

“बरं झालं,” रंगूबाई ओटीवरून म्हणाली. “आता दोघी जेवायला बसा. भाकरी टाकतंय, बोंबील हायत. शून्यवाल्यांना पन भूक लागतेच.”

जेवताना रुतिकाने कॉलेजचं काहीच विचारलं नाही. बाईंनीही ‘उद्या ये’ म्हटलं नाही. निघताना पायरीवर चपला घालता घालता त्या एवढंच म्हणाल्या, “आलीस की कारण सांगू नको. मी विचारणार नाही.”

दुसऱ्या दिवशी रुतिकाचं बाक रिकामंच होतं. बाईंनी हजेरी घेतली, पुस्तक मिटलं आणि वर्गाकडे पाहिलं.

“आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या दिवशी एकजण काहीतरी बोलला आणि काहीजण हसले. कोण, ते मी विचारत नाही. मी सारसोळ्याची. माझे वडील होडीवर होते. माझी आई वाशीला मासळी विकायची, आणि तिच्या पाटीवर मी शिकले. यापुढे खिडकी उघडायची असेल तर मला सांगा, मी उघडीन.”

बाईंनी फळ्यावर ‘गुरुवार’ असं लिहिलं.

“दुसरी गोष्ट. गुरुवारच्या प्रॅक्टिकलला ज्यांना शून्य मिळालं त्या सगळ्यांनी तोच प्रोग्रॅम माझ्यासमोर पुन्हा लिहायचा. गुण मिळणार नाहीत. आला पाहिजे म्हणून लिहायचा. शेजाऱ्याला मदत करायला परवानगी आहे. पण मदत करणाऱ्याने हात पाठीमागे घ्यायचे. कीबोर्डला बोट लागलं की उठवीन.”

“मॅडम, हात मागे? पोलीस पकडतात तसे?” दिपेशने विचारलं.

“तसेच.”

गुरुवारी प्रॅक्टिकल सुरू होऊन बराच वेळ झाला होता. दार हळूच उघडलं. रुतिका आत आली, बाईंकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता आपल्या जागेकडे गेली. बाई एका मुलीचा प्रोग्रॅम बघत होत्या. त्यांनी मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. 

दिपेश आपल्या मशीनवर वाकून बसला होता. त्याची रांग दर वेळी मधेच तुटत होती. त्याने मागे वळून पाहिलं आणि चेहरा पाडला.

“सॉरी यार. माझ्यामुळे झालं ना सगळं.”

“सरक,” रुतिका म्हणाली. तिने स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसली आणि हात पाठीमागे घेऊन एकमेकांत घट्ट धरले.

“कुठे चुकलंय ते तरी सांग.”

“नाय सांगनार. तू वाच. नवा आला तेव्हा पहिल्यांदा काय केलंस?”

“मागच्याचा हात नव्याला दिला.”

“आणि पुढचे?”

दिपेश पडद्याकडे बघत राहिला. ओठ हलवत, बोटाने हवेत रेघा मारत. रुतिका पुढे झुकली, मागे झाली, एकदा तर तिचा खांदाच पुढे आला आणि तिने तो परत नेला. शेजारच्या दोघी आपलं काम सोडून बघू लागल्या.

“अरे,” दिपेश म्हणाला. “पुढचे सुटलेच. आधी नव्याने पुढच्याला धरायला पाहिजे होतं.”

“मंग धर ना!”

त्याने दोन ओळी खालीवर केल्या आणि प्रोग्रॅम चालवला. आकडे एकामागोमाग एक उतरत गेले, एकही सुटला नाही. दिपेशने टेबलावर एवढ्या जोराने थाप मारली, की पलीकडच्या लॅबमधून पोपट सर डोकावले.

रंजिताबाई मागच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांना तिथून रुतिकाचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती आणि पाठीमागचे हात. दिपेश आता पुढचा भाग लिहू लागला होता, पुन्हा अडखळला होता, आणि रुतिका स्टुलावर ताठ बसून तोंडाने त्याला काहीतरी विचारत होती. पाठीमागे मात्र तिची बोटं थांबत नव्हती. एक बोट वळसा घेत होतं, दुसरं त्यातून निघत होतं, अंगठा ओढून घट्ट करत होता. हवेत, कोणाला न लावता, ती गाठी मारत होती.